'हॅव' हे क्रियापद आणि स्वत्वाचा प्रश्न

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची ज्या क्रियापदांशी पहिल्याच वर्षी गाठ पडते, त्यांत 'हॅव' हे सर्वांत सोपे समजले जाते आणि वस्तुतः तेच सर्वांत अवघड आहे. 'जवळ असणे' किंवा 'मालकीचे असणे' असा अर्थ पाठ करून विद्यार्थी पुढे जातो, आणि तर्खडकरी भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांपासून आजपर्यंत हाच क्रम चालत आला आहे. या क्रियापदाचा नेमका अर्थ काय आणि ते कोठे योजावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी व्याकरणाचा वाटतो. परंतु एखादी वस्तू एखाद्या माणसाची असते म्हणजे त्या दोहोंमध्ये नेमका कोणता संबंध असतो, याचा विचार केल्याशिवाय त्याचे उत्तर पुरे होत नाही. भारतीय शास्त्रकारांनी या संबंधाला 'स्वत्व' असे नाव दिले. 'स्व' म्हणजे आपले, ते आपले असण्याचा भाव म्हणजे स्वत्व, आणि ज्याचे ते असते तो स्वामी. पुणे जिल्ह्यातील मुळशी खोऱ्यात १९२१ ते १९२४ या काळात धरणाविरुद्ध जो सत्याग्रह झाला, त्याच्या मुळाशी हाच संबंध होता, आणि तेथे तो हजारो कुटुंबांच्या भाताच्या खाचरांवर येऊन ठेपला होता.

मराठीत 'हॅव'च्या तोडीचे एकही क्रियापद नाही. जे काही असते ते 'असणे' या एकाच क्रियापदाने सांगितले जाते आणि संबंधाचा सगळा भार विभक्ती व शब्दयोगी अव्यये यांच्यावर पडतो. 'मला दोन भाऊ आहेत' हे वाक्य नाते सांगते. 'माझ्याकडे दोन भाऊ आहेत' असे म्हटले, तर ते भाऊ सध्या घरी राहायला आले आहेत, असा अर्थ होतो. 'माझ्याजवळ पैसे आहेत' यात पैसे या घटकेला हाताशी असल्याचे कळते, मग ते कोणाचे का असेनात. 'मला ताप आहे' यात माणूस तापाचे अधिष्ठान आहे, 'त्याच्या अंगी धैर्य आहे' यात तो गुणाचा आश्रय आहे, आणि 'मला जायचे आहे' यात त्याच्यावर एक कर्तव्य येऊन पडले आहे. या सर्व वाक्यांत व्याकरणदृष्ट्या कर्ता आहे ती वस्तू, तो गुण किंवा ते नाते; क्रियापद त्यांच्या लिंगवचनाप्रमाणे चालते आणि माणूस त्या असण्याचे ठिकाण म्हणून बाजूला उभा राहतो. संस्कृतातही हीच रीत आहे, आणि षष्ठी विभक्तीने किती प्रकारचे संबंध सांगता येतात याची जाणीव असलेल्या पतंजलीने महाभाष्यात षष्ठीचे एकशे एक अर्थ असल्याचे नमूद केले आहे.

जमिनीच्या बाबतीत तर मराठीतील हे भेद विशेष सूक्ष्म होतात. 'त्याचे शेत आहे', 'त्याला शेत आहे', 'त्याच्या नावावर शेत आहे', 'त्याच्या ताब्यात शेत आहे', 'त्याच्या वाट्याला शेत आले आहे' आणि 'त्याच्याकडे सावकाराचे शेत आहे' ही सहा वाक्ये खेड्यातील कोणाही माणसाला सहा निरनिराळ्या परिस्थिती सांगतात. शेवटच्या वाक्यात दोन माणसे एकाच शेताशी एकाच वेळी जोडलेली आहेत, एक षष्ठीने आणि दुसरा 'कडे' या अव्ययाने, आणि या दोन जोडण्यांमधील अंतर म्हणजेच खंडकरी कुळाचे अवघे आयुष्य होय. इंग्रजीत यांतील बहुतेक वाक्ये 'हॅव' या एकाच क्रियापदाने सांगता येतात आणि संबंध कोणता आहे ते संदर्भावरून ओळखावे लागते.

या क्रियापदाच्या वापरात मराठी माणसाकडून होणारी सर्वांत ठळक चूक म्हणजे 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' अशी रचना. मालकी, नाते किंवा गुण या अर्थी 'हॅव'चे अपूर्ण काळाचे, म्हणजे चालू क्रियेचे, रूप प्रमाण इंग्रजीत होत नाही. जेवण घेणे, चर्चा करणे, त्रास भोगणे अशा घडत्या गोष्टींसाठी ते होते. म्हणून 'शी इज हॅविंग लंच' हे बरोबर आणि 'शी इज हॅविंग अ कार' हे चूक. हा नियम सहसा अपवादासारखा पाठ करून घेतला जातो, वास्तविक त्यामागे विचार आहे. क्रिया घडत असते, तिला आरंभ आणि शेवट असतो. भाऊ असणे किंवा घर असणे ही क्रिया नव्हे, ती स्थिती आहे. याहून मोलाची खूण प्रयोगाच्या नियमात सापडते. 'मी घर बांधले' याचे इंग्रजी कर्मणी रूप सहज होते, परंतु 'मला घर आहे' या अर्थाच्या 'हॅव'च्या वाक्याचे कर्मणी रूप होत नाही. दिसायला सकर्मक असलेल्या या क्रियापदाला खरे कर्म नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमील बाँव्हेनिस्त याने असणे आणि 'हॅव' या अर्थाची क्रियापदे यांच्यावरील आपल्या निबंधात हेच दाखवून दिले की, अशी क्रियापदे वरवर सकर्मक असली तरी स्थितीच सांगतात, आणि जगातील पुष्कळशा भाषा हाच संबंध 'अमक्याला असणे' या रीतीने व्यक्त करतात. अर्थात मराठी रचना जे उघडपणे सांगते, तेच इंग्रजी व्याकरण आपल्या नियमांच्या आडून मान्य करते: माणूस वस्तूवर काही करीत नाही, तो तिच्याशी एका संबंधात असतो.

तरीही वाक्याच्या ठेवणीचा मनावर संस्कार होतो. 'हॅव'च्या वाक्यात माणूस आरंभी कर्त्याच्या जागी बसतो आणि वस्तू त्याच्या क्रियेचे फळ असल्यासारखी शेवटी येते. या शब्दाची व्युत्पत्तीही हाताने पकडणे या अर्थाच्या जुन्या धातूशी जोडली जाते. बाप, ताप, कल्पना, शेत आणि कर्ज या पाच अगदी विजातीय गोष्टी एकाच पकडीत आल्यासारख्या दिसू लागतात. गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच तत्त्वचिंतकाने १९३५ मध्ये असणे आणि जवळ बाळगणे या विषयावर ग्रंथ लिहिला, त्यात शरीराचे उदाहरण फार महत्त्वाचे आहे: शरीर माणसाची मालमत्ता आहे असे म्हणावे, तर ते बाजूला ठेवून मालक म्हणून उरणारा कोणी सापडत नाही. एरिक फ्रॉम याने १९७६ च्या आपल्या ग्रंथात पुढचे पाऊल टाकून 'हॅव'सारख्या क्रियापदाचा विकास खाजगी मालमत्तेच्या वाढीशी जोडला. हे विधान आकर्षक आहे, परंतु ते जसेच्या तसे स्वीकारण्यासारखे नाही. ज्या भाषेत 'हॅव' नाही ती बोलणारा समाज आपोआप निर्लोभ होत असता, तर मराठी मुलखात सावकारी वाढलीच नसती. मुळशीतील मावळा शेतकरी आणि त्याची जमीन नावावर करून घेणारा पुण्याचा सावकार हे दोघेही मराठीच बोलत होते. भाषा भेद करण्याची सोय पुरवते. तो भेद प्रत्यक्षात करावयाचा की नाही, हे माणसाच्या न्यायबुद्धीवर राहते.

हा भेद किती कसोशीने करता येतो, याचे उत्तम उदाहरण पूर्वमीमांसेत आहे. पूर्वमीमांसा म्हणजे वैदिक विधिवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र. जैमिनीची सूत्रे आणि त्यांवरील शबराचे भाष्य हे त्याचे आधारग्रंथ. सूत्रांच्या सहाव्या अध्यायात विश्वजित् नावाच्या यज्ञाचा विचार येतो. या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दान करावे असा विधी आहे, आणि त्यावरून असा प्रश्न उभा राहतो की, 'आपले' म्हणून जे जे म्हणता येते ते सर्व द्यावयाचे काय? बाप आपला असतो, आई आपली असते. मग त्यांचेही दान करावे काय? मीमांसकांचे उत्तर असे की, ज्याच्यावर माणसाचे प्रभुत्व आहे तेवढेच देता येते, आणि आईबाप 'आपले' असले तरी ते आपल्या प्रभुत्वाखाली नाहीत. षष्ठी विभक्ती दोन्हीकडे एकच. संबंध मात्र दोन. आधुनिक व्याकरणकार 'हॅव' या क्रियापदाच्या नात्यादर्शक आणि मालकीदर्शक उपयोगांत जो फरक करतो, तोच येथे दानाच्या वैधतेची कसोटी म्हणून आला आहे.

पुढचा प्रश्न भूमीचा. यजमान सार्वभौम राजा असला तर त्याने पृथ्वी दान करावी काय? जैमिनीचे उत्तर नकारार्थी आहे, आणि कारण असे दिले आहे की भूमी सर्वांना सारखीच आहे. शबर याचे विवरण करताना म्हणतो की, माणसे शेतांची स्वामी असलेली दिसतात, अखिल पृथ्वीची नव्हे. राजा प्रजेचे रक्षण करतो म्हणून त्याला पिकाचा वाटा मिळतो, त्यापलीकडे भूमीवर त्याचे स्वत्व नाही. पुढे सेवकाविषयीही असाच विचार येतो आणि जो धर्मभावाने सेवा करतो त्याचे दान होऊ शकत नाही, असा निर्णय होतो. शबराने अन्यत्र स्वत्वाचे लक्षणही सांगितले आहे: जी वस्तू माणसाला इच्छेप्रमाणे वापरता येते ती त्याची. याच लक्षणाच्या बळावर तो म्हणतो की 'देवाचे गाव', 'देवाचे शेत' हे प्रयोग औपचारिक, म्हणजे गौण अर्थाचे आहेत, कारण देवता त्या गावाचा किंवा शेताचा इच्छेप्रमाणे विनियोग करीत नाही. धर्मश्रद्ध माणसाला हे धाडसी वाटेल. परंतु देवाच्या नावापुढची षष्ठीसुद्धा तपासल्याशिवाय न स्वीकारणाऱ्या या शास्त्राची निष्ठा विशेष आदरास पात्र आहे.

मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात काशी येथे व्यवहारमयूख हा ग्रंथ लिहिला. पश्चिम भारतात हिंदू कायद्याचा आधार म्हणून तो पुढे इंग्रजी न्यायालयांतही मानला गेला, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी त्याची संपादित आवृत्ती काढली. नीलकंठाने मीमांसेचा हा विचार राज्यव्यवहाराला लावला आहे. त्याच्या मते राज्य जिंकल्याने जेत्याला पराभूत राजाचे जे होते तेवढेच मिळते. जमिनीचे स्वत्व त्या त्या भूमिधारकाकडे असते, राजाकडे केवळ कर घेण्याचा अधिकार असतो. राजसत्ता आणि जमीन यांच्या संबंधाविषयी यापेक्षा स्पष्ट भूमिका कोणत्याही भाषेत क्वचितच आढळेल.

ब्रिटिश राजवटीत ही भूमिका मागे पडली. रयतवारी पद्धतीत सरकारदप्तरी एका खातेदाराचे नाव लागे. ते नाव कर्जापोटी बदलता येई आणि मुळशीच्या खोऱ्यात ते मोठ्या प्रमाणावर बदलले. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहाचा जो मूलगामी अभ्यास केला आहे, त्यावरून दिसते की जमिनीचा मोठा भाग पुण्यातील सावकारांच्या नावावर गेला होता आणि पूर्वीचे मालक असलेले मावळे तीच जमीन कूळ म्हणून कसत होते. मुंबईच्या गिरण्यांना व शहराला वीज पुरवण्यासाठी टाटा पॉवर कंपनीने मुळा नदीवर धरण बांधण्याचे ठरविले, तेव्हा पन्नासहून अधिक गावांवर संकट आले. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहाला आरंभ झाला आणि 'जान किंवा जमीन' ही त्याची प्रतिज्ञा झाली. याच लढ्याने बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळवून दिली.

सरकारने या कामी १८९४ चा भूसंपादन कायदा लावला. त्या कायद्यानुसार जिल्हाधिकारी निवाडा देऊन जमिनीचा ताबा घेई आणि त्यानंतर ती सर्व बोज्यांपासून मुक्त होऊन पूर्णपणे सरकारकडे निहित होई. पुढे सरकार ती कराराने कंपनीला देई. भरपाईसाठी बाजारभाव काढला जाई आणि सक्तीने घेतल्याबद्दल त्यावर शेकडा पंधरा रक्कम अधिक दिली जाई. भरपाईत हितसंबंध असल्याचा दावा करणाऱ्या कोणालाही या कायद्याने दारे बंद केली नव्हती, हे खरे. परंतु ज्याचा संबंध कागदावर नाही, त्याच्या हिताची किंमत काढण्याचे कोणतेही माप त्या कायद्याजवळ नव्हते. 'शेत कोणाचे?' या प्रश्नाला दप्तरात एकच उत्तर होते. ज्याच्या नावावर शेत होते त्याला शेताचे मोल पैशात मिळाले की त्याचा प्रश्न मिटत असे, कारण शेताशी त्याचा संबंधच मुळी उत्पन्नाचा होता. सुरुवातीला विरोधात असलेले सावकार कालांतराने भरपाईकडे वळले, यामागचे कारण केवळ त्यांच्या दुर्बलतेत शोधण्याचे प्रयोजन नाही. त्यांच्या स्वत्वाची जात तशी होती. ज्याच्याकडे शेत होते, ज्याचा नांगर त्यात चालत होता आणि ज्याचे पूर्वज व ग्रामदैवत त्याच खोऱ्यात होते, त्याच्या संबंधाचा बाजारभाव निघत नव्हता.

सत्याग्रह सुरू झाला त्याच एप्रिल महिन्यात गांधीजींनी 'यंग इंडिया'त टाटांना असे सुचविले की त्यांनी कायदेशीर हक्कावर अडून न राहता लोकांशी विचारविनिमय करावा. या सूचनेत हक्क आणि औचित्य यांचा जो भेद केला आहे तो मीमांसकांना सहज पटला असता. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले, सत्याग्रहींना वारंवार तुरुंगवास घडला आणि १९२४ च्या अखेरीस बापटांना सात वर्षांची शिक्षा होऊन लढा संपला. धरण झाले, आणि पूर्वेकडे वाहणाऱ्या मुळेचे पाणी सह्याद्री ओलांडून कोकणात भिरा येथील वीजगृहाकडे जाऊ लागले. विजेची आवश्यकता खोटी नव्हती आणि तिचा उपयोग लक्षावधी लोकांना झाला. परंतु सार्वजनिक हिताची गरज सिद्ध झाली म्हणजे शेतकऱ्याचा शेताशी असलेला संबंध नाहीसा झाला असे होत नाही. तो संबंध मान्य करून त्याची भरपाई शोधणे आणि तो नव्हताच असे मानणे, या दोहोंत धर्म आणि अधर्म यांच्याइतके अंतर आहे.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. भारतीय अध्यात्म 'माझे' या भावनेलाच बंधन मानते. गीता ममत्व टाकलेल्या पुरुषाला शांतीचा अधिकारी ठरवते आणि आहुती देताना यजमान 'न मम', म्हणजे हे माझे नाही, असे उच्चारतो. मग जमिनीसाठी प्राण पणाला लावणारा शेतकरी या दृष्टीने मोहात पडलेला ठरत नाही काय? या आक्षेपात वैराग्याचा विपर्यास आहे. 'न मम' हे वाक्य ज्याचे द्रव्य आहे त्यानेच उच्चारावयाचे असते. मीमांसेच्या परिभाषेत त्याग म्हणजे स्वतःचे स्वत्व स्वतः सोडणे, आणि दान म्हणजे ते सोडून दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे. दुसऱ्याच्या वतीने 'हे तुझे नाही' असे म्हणणे याला शास्त्रात त्याग असे नाव नाही. ममत्व सोडण्याचा उपदेश सत्तेने प्रजेला किंवा धनवंताने निर्धनाला करावयाचा नसतो. श्रीअरविंदांच्या तत्त्वज्ञानाचे गाढ अभ्यासक असलेल्या सेनापती बापटांना आत्मत्याग आणि हक्काचा आग्रह यांत विरोध वाटला नाही, याचे कारण हेच असावे.

मुळशीनंतर तीस वर्षांनी, एप्रिल १९५१ मध्ये, विनोबांनी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ केला तेव्हा हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने पुढे आला. हवा, पाणी व सूर्यप्रकाश यांच्याप्रमाणे जमीन कोणाच्याच मालकीची नाही असे विनोबांचे म्हणणे होते. परंतु जे कोणाचे नाही त्याचे दान कोण करणार? विनोबांनी दान या शब्दाचा शंकराचार्यांनी केलेला 'संविभाग', म्हणजे योग्य वाटणी, हा अर्थ पुढे आणून ही अडचण सोडविली. दाता येथे स्वतःची वस्तू देत नाही, सर्वांच्या वस्तूतील आपल्याकडे राहिलेला अधिक वाटा परत करतो. भूदानाला व्यवहारात यश किती आले हा वेगळा विषय आहे. 'कडे' असणे आणि 'चे' असणे यांतील भेदाला त्याने नीतीचे रूप दिले, एवढे येथे पुरेसे आहे.

मराठी दप्तराची भाषाही या बाबतीत लक्षात घेण्याजोगी आहे. सातबारा उताऱ्यावर ज्याला लोक मालक म्हणतात त्याची नोंद 'भोगवटादार' म्हणून असते. भोगवटा म्हणजे ताब्यात ठेवून उपभोगणे. कुळाची आणि इतर हक्कांची नोंद त्याच उताऱ्यावर होते, आणि पिकांची नोंद गाव नमुना बारामध्ये येते. एका जमिनीशी अनेकांचे अनेक संबंध असतात, ही गोष्ट तलाठ्याच्या कागदाला ठाऊक आहे. इंग्रजीचे अध्यापन करणाऱ्यांनीही 'हॅव' शिकवताना एक प्रतिशब्द सांगून थांबू नये, संबंध कोणता आहे ते मराठीत आधी ठरवून मगच वाक्य इंग्रजीत करावयास लावावे. असे केल्यास अपूर्ण काळाची चूक पुष्कळशी आपोआप टळेल, आणि त्याहून मोठा लाभ म्हणजे एखाद्या संस्थेकडे जमीन 'आहे' असे इंग्रजी वाक्य वाचताना ती कोणत्या अर्थाने आहे, असे विचारण्याची सवय लागेल.

कसणाऱ्याच्या संबंधाची दखल कायद्याने घेतली ती उशिरा. मुंबई कूळवहिवाट कायद्याने १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणाऱ्या कुळांना जमिनीचे खरेदीदार मानले. मुळशीची बुडालेली खाचरे त्याच्या कितीतरी आधी संपादित झाली असल्यामुळे त्यांच्या कुळांना या तरतुदीचा काहीच उपयोग नव्हता. १८९४ च्या कायद्याची जागा घेणारा नवा भूसंपादन कायदा २०१३ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. ज्यांच्या नावावर जमीन नाही, परंतु जे संपादनापूर्वी तीन वर्षे कूळ, वाटेकरी किंवा शेतमजूर म्हणून त्याच भागात राबत होते आणि ज्यांचे पोट प्रामुख्याने त्यावर चालत होते, अशी कुटुंबे त्यात बाधित कुटुंबाच्या व्याख्येत घेण्यात आली.